लहानग्याचा स्वेटर आणि त्रैराशिक

लोकरीच्या विणकामाची छापील कृती ही एका मापाची, एका लोकरीची आणि एका हाताची नोंद असते. ती दुसऱ्या घरच्या मुलाच्या अंगास जशीच्या तशी बसावी, अशी अपेक्षा ठेवणें म्हणजे एका रोग्याचा काढा दुसऱ्यास पाजण्यासारखेंच आहे. शिवाय मूल तर दर वर्षीं वाढतें!

छापील कृतींचें हें राज्य फार जुनें नाहीं. युरोपांत शेंकडों वर्षें विणकाम शिकलें गेलें तें मुख्यतः दुसऱ्याचे हात पाहून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ब्रिटनमध्यें कृतींचीं पुस्तकें निघूं लागलीं. एडिंबरोच्या जेन गॉगेनबाईंचें पुस्तक १८४० सालचें. त्यामुळें ही विद्या दूरवर गेली, हा लाभ मोठाच. परंतु टाके ठरविण्याचें काम पुस्तकाकडे गेलें आणि विणणारीचा स्वतःचा अंदाज मंदावला.

दुसऱ्या महायुद्धानें तो पुन्हा जागा केला. १९४१ च्या जूनपासून ब्रिटनमध्यें कपड्यांना व लोकरीला कूपनें लागूं लागलीं. मोठ्यांचे जुने स्वेटर उसवून मुलांसाठीं पुन्हा विणणें ही घरोघरची रीत झाली. १९४३ मध्यें तेथील व्यापारखात्यानें ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिकाच काढली. उसवलेली लोकर छापील कृतीशीं जुळेलच असें नसे. तेव्हां हिशेब करावा लागे.

या हिशेबाला सूत्राचें रूप दिलें तें एलिझाबेथ झिमरमनबाईंनीं. त्यांचा जन्म १९१० सालीं इंग्लंडांत झाला. १९३७ मध्यें त्या पतीसह अमेरिकेस गेल्या व पुढें विस्कॉन्सिन संस्थानांत राहिल्या. त्यांची गोलाकार विणण्याची कृती छापणारांनीं परस्पर सपाट तुकड्यांची करून टाकली. तेव्हां १९५८ सालीं त्यांनीं स्वतःचें पत्रकच सुरू केलें. त्यांची रीत सोपी आहे. प्रथम एक लहान तुकडा विणून इंचांत किती टाके बसतात तें मोजावें. इंचास ५ टाके आणि छातीचा घेर २४ इंच, तर अंगाचे टाके १२०. मनगट त्याच्या शेंकडा २०, म्हणजे २४. दंड शेंकडा ३३, म्हणजे सुमारें ४०. गळा शेंकडा ४०, म्हणजे ४८. लोकर जाड निघाली व इंचास ४ च टाके बसले, तर अंग ९६, मनगट १९, दंड ३२, गळा ३८. शाळेंतलें त्रैराशिकच हें! नक्षी कोणत्याहि जुन्या नमुन्यांतून उचलावी. मात्र तिच्या टाक्यांनीं घेराच्या संख्येस निःशेष भाग जावा. ८ टाक्यांचें फूल १२० वरहि बसतें आणि ९६ वरहि.

१९६८ सालीं बाईंनीं तान्ह्या बाळासाठीं जें जाकीट रचलें, त्यांत युक्ति उलट आहे. तेथें आरंभींचे १६० टाके कायम. लोकर व सुया बदलल्या कीं मापच बदलतें.

परंतु सूत्रहि डोळे मिटून लावतां येत नाहीं. लहान मुलाचें डोकें अंगाच्या मानानें मोठें असतें. गळा नेमक्या प्रमाणांत ठेवला, तर स्वेटर डोक्यांतून उतरत नाहीं आणि मूल रडूं लागतें. म्हणून गळा सैल धरावा किंवा खांद्यावर बटणें ठेवावीं. बाह्याहि दुमडतां येतील इतक्या लांब असाव्या. झिमरमनबाई १९९९ सालीं वारल्या. त्यांचें सूत्र आजहि विणणाऱ्या वापरतात, आणि तेंहि गरजेप्रमाणें बदलून घेतात. पुस्तकानें वाट दाखवावी. माप मात्र मुलाच्याच अंगावर घ्यावें.