आडनावाचा माग आणि कुळाचे मूळ

आडनाव हे माणसाच्या नावातील शेवटचे पद. परंतु कुळाची चौकशी करणारा पहिला प्रश्न त्याच पदाविषयी विचारतो. बडोद्यासारख्या नगरात, जेथे मराठी, कोकणी आणि गुजराती घरे शेजारी शेजारी नांदतात, तेथे हा प्रश्न वारंवार कानी पडतो. शहराच्या उत्तरेस समा नावाचे जे गाव होते, ते आज शहरातच मिसळून गेले आहे. तेथील नव्या वसाहतींत एखाद्या दारावरच्या पाटीवर असे एखादे विरळ आडनाव दिसते, की ते शेजाऱ्यास ऐकून माहीत नसते आणि घरातल्या मुलांसही त्याचा अर्थ सांगता येत नाही. आजोबा हयात होते तोवर कोणी विचारले नाही. ते गेल्यावर मुंज, विवाह, कुलधर्म असा प्रसंग आला म्हणजे मग कुलदैवत कोणते, मूळ गाव कोणते, ह्याची धावपळ सुरू होते. म्हणून आडनावाचा माग कसा काढावा आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, ह्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

इंग्लंडात हा शोध पुष्कळ लोक छंद म्हणून करतात. तेथे १५३८ साली प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंद ठेवावी असा हुकूम झाला, आणि १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूनोंद सुरू झाली. त्यामुळे विरळ आडनाव तेथील संशोधकास वरदान ठरते. स्मिथ हजारो सापडतात; पण जे आडनाव दोनचार खेड्यांतच आढळते, त्याचा धागा तीन-चार शतके मागे नेता येतो. एकेका आडनावाचा असा अभ्यास करणाऱ्यांची संस्थाही तेथे १९७९ साली स्थापन झाली. ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे चालेल, असे मात्र कोणी समजू नये. तेथे आडनाव पुष्कळ आधी स्थिर झाले. आपल्याकडे ते परवापरवापर्यंत बदलत होते.

आपली आडनावे गावावरून पडली, वृत्तीवरून पडली, हुद्द्यावरून पडली, आणि कित्येक लेखनिकाच्या बोरूतूनही जन्मली. कवळे येथील श्रीशांतादुर्गेचे देवालय ज्यांच्या प्रयत्नाने उभे राहिले, ते नारोराम हे मूळचे वेंगुर्ल्याजवळील कोचरे गावचे शेणवी रेगे. छत्रपती शाहूंच्या दरबारी त्यांस मंत्रिपद मिळाले आणि इतिहासात ते नारोराम मंत्री म्हणूनच प्रसिद्ध झाले. शेणवी, रेगे आणि मंत्री ही तिन्ही पदे एकाच पुरुषाची. ज्यास एवढेच एक पद ठाऊक, तो उरलेल्या दोन पदांखाली दडलेले आप्त शोधणार कसा?

गोमंतकात तर ह्याहून मोठी गुंतागुंत आहे. पोर्तुगीज लेखनिकाने प्रभूचे पोरोबो केले, पैचे पोय केले, कामतांचे कामोतीं आणि शेणव्यांचे सिनाय केले. सिनाय ह्या पदापुढे गावाचे नाव जोडण्याची चाल होतीच. पुढे एका भावाच्या वंशाने सिनाय टिकविले, दुसऱ्याने केवळ गावाचे नाव ठेवले, आणि दक्षिणेकडे गेलेले शेणै म्हणवू लागले. दोन पिढ्यांत सख्ख्या चुलत घराण्यांची तीन आडनावे झाली. ज्यांचे धर्मांतर झाले त्यांस बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली; तथापि गावच्या कोमुनिदादीत आपण कोणत्या वांगडाचे, ही ओळख कित्येक घराण्यांनी जपली. आडनाव समूळ बदलले तरी कुळाची खूण अन्यत्र उरते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ह्याच्या उलट बाजूचा दाखला बडोद्यातच आहे. गायकवाड ह्या आडनावाची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे : मावळातील एका पूर्वजाने कसायाच्या हाती पडलेल्या गाई किल्ल्याच्या कवाडातून आत घेऊन वाचविल्या, म्हणून गाय आणि कवाड मिळून गायकवाड. कथा रम्य आहे आणि घराण्यास भूषणावह आहे. पण कथा म्हणजे कागद नव्हे. कागदांचा प्रकाश दमाजीराव आणि पिलाजीराव ह्यांच्या काळापासून पडू लागतो. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत दमाजीरावांनी पराक्रम केला आणि शाहू महाराजांनी त्यांस समशेर बहादूर हा किताब दिला. पिलाजीराव १७३२ साली डाकोर येथे मारले गेले, आणि १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले. पुढे इंग्रजांनी ह्या आडनावाचीच पदवी करून टाकली. तरी ज्याचे आडनाव गायकवाड तो ह्या राजवंशाचा, असे मुळीच नाही. हे आडनाव महाराष्ट्रात अनेक जातींत आहे. डॉ. आंबेडकरांचे निष्ठावंत सहकारी नाशिकचे दादासाहेब गायकवाड ह्यांस बडोद्याच्या वंशावळीत शोधणे व्यर्थ होय. विरळ आडनाव आप्तांस दडविते, तर बहुप्रचलित आडनाव परक्यांस आप्त भासविते.

मग खरी साक्ष कशाची? १८७५ साली हाच प्रश्न बडोद्याच्या गादीपुढे उभा राहिला. मल्हारराव पदच्युत झाले आणि खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई ह्यांस गायकवाड कुळातील मुलगा दत्तक घ्यावयाचा होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेती करून राहणारी घराण्याची एक दूरची शाखा होती. तेथील काशीरावांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव निवडला गेला आणि २७ मे १८७५ रोजी तोच सयाजीराव झाला. नुसते आडनाव पुरेसे असते तर महाराष्ट्रातील कोणताही गायकवाड चालला असता. कवळाण्याच्या त्या घरास राज्य नव्हते, ऐश्वर्य नव्हते. मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतचा धागा तेवढा होता. त्या धाग्याने बडोद्यास सयाजीराव महाराज दिले.

असा धागा सामान्य घरासही सापडू शकतो. त्याची वाट ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाते. प्रसिद्ध पूर्वज आधी धरून तेथून आपल्यापर्यंत खाली उतरणारा हमखास फसतो. प्रथम घरातील वृद्धांस, विशेषतः आजीस विचारावे. कुळाचार, माहेरची नावे आणि सुतकाचे आप्त तिला पाठ असतात. मग पत्रिका, दस्तऐवज, सातबाराचे उतारे पाहावेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या पूर्वजांची नावे गावांसह मिळतात. आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे हेच काम पिढ्यान्‌पिढ्या वहीवंचा बारोट करीत आले. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ साली स्थापन झालेले आहे. आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, ज्यांची ऐन उमेद बडोद्याच्या सेवेत गेली, त्यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा संग्रहच केला. त्यांचे स्वतःचे आडनावही हुद्द्याचेच, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल.

कागद मिळाला तरी तो वाचता आला पाहिजे. जुने दप्तर मोडी लिपीत आहे आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस थोडे होत आहेत. कालगणनाही पारखावी लागते. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हे बहुतेकांस ठाऊक असते. पण मराठी कागदांत ‘सलास सलासैन मया व अलफ’ असा सुहूर सन आला म्हणजे नवशिका गोंधळतो. त्याचा अर्थ तीन, तीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११३३. त्यात ५९९ मिळविले की १७३२ चा मृगसाल निघतो. आणखी एक सोपी कसोटी आहे. शंभर वर्षांत साधारणतः तीन ते चार पिढ्या होतात. दीडशे वर्षांत दहा पुरुष दाखविणारी वंशावळ कोणी समोर ठेवली, तर ती कितीही सुवाच्य असो, तीवर विसंबू नये.

सरतेशेवटी देवालयाकडे वळू. श्रीमंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळोशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून हलविल्या गेल्या, त्या सोळाव्या शतकात माणसांचीही पांगापांग झाली. घरे गेली, शेते गेली, पुढे आडनावेही पालटली; परंतु भक्त कोठेही जावो, नवसाला आणि जत्रेला तो त्याच देवतेच्या पायाशी परत येत राहिला. म्हणून देवस्थानांतील महाजनांच्या याद्या ह्या आमच्या समाजाच्या कुळनोंदीच होत. मात्र येथेही सावधपणा हवा. एका कुलदेवतेस अनेक गोत्रांची कुळे भजतात. म्हणून देवता, गोत्र आणि मूळ गाव ह्या तिन्ही खुणा जुळल्यावाचून आप्तसंबंध सांगू नये.

कुळाचा शोध मोठेपणा मिरविण्यासाठी करावयाचा नसतो. पूर्वज राजा निघाला तर मान वाढत नाही आणि शेतकरी निघाला तर तो घटत नाही. कोणत्या हातांनी हे घर आपणांपर्यंत आणून सोडले, एवढे कळावे आणि त्यांचे नाव घेऊन तर्पण करता यावे, हेच त्याचे फळ. म्हणून आमच्या वाचकांस एकच विनंती आहे. कुलदैवत, गोत्र, मूळ गाव, मागील चार पिढ्यांतील पुरुषांची तशीच स्त्रियांचीही नावे, आणि आडनाव कधी व का बदलले त्याची हकीकत, हे सारे एका वहीत लिहून देवघरात ठेवावे. जे निश्चित ठाऊक आहे आणि जे केवळ ऐकिवात आहे, ते वेगवेगळे लिहावे. समा येथे वाढणाऱ्या नातवंडास आपल्या पाटीवरील आडनावाचा अर्थ एखादे वेळी लागणार नाही. पण ती वही उघडली म्हणजे आपण कोणाचे, हे त्यास कोणास विचारावे लागणार नाही.