आधी ऐकावे, मग बोलावे

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे गाव नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वाराशी वसलेले आहे. मागे तेथे जाण्याचा योग आला. आत शिरताना वाटाड्याने आम्हांस गप्प राहण्यास सांगितले. बोलत राहणाऱ्याला वानराचा इशारा ऐकू येत नाही, असे तो म्हणाला. त्या शांततेत मला माझीच एक चूक आठवली. आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप समूहावर एका गृहस्थांनी दफनभूमीच्या दुरुस्तीविषयी विचारले होते. त्यांचा मजकूर पुरता न वाचताच मी खरमरीत उत्तर धाडले आणि ते साऱ्या धर्मग्रामाने वाचले. वस्तुतः त्यांचा आरोप काहीच नव्हता. आईच्या कबरीवरील क्रूस कोठे हलविला, एवढेच त्यांना विचारायचे होते.

चारचौघांसमक्ष चालणाऱ्या अशा संवादाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि प्रॉटेस्टंट मिशनरी यांच्यात धर्मविषयक जाहीर वाद झडले. श्रोत्यांची गर्दी जमे. मिशनऱ्यांच्या बाजूचे जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी या वादांचा इंग्रजी वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे १८७२ साली ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे मराठी पुस्तक निघाले. किनारा एक, वाद एक, पण वृत्तान्त दोन! समोरच्या गर्दीला जिंकायचे असले की प्रतिपक्षाचे बोलणे कानी पडते, मनी उतरत नाही. तरीही त्या वादकांच्या पदरी एक पुण्य जमा आहे: ते समोरासमोर उभे राहून, आपापल्या नावानिशी बोलले.

याहून वेगळे उदाहरण त्याआधी सुमारे अडीचशे वर्षांचे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टीच्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत नवे पुराण का देत नाही? या प्रश्नात जिज्ञासा आहे, तशीच वेदनाही आहे. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी लोकांचे ग्रंथ हिरावून घेतले होते, हे आपण झाकू नये. फादर स्टीफन्स यांनीही तो प्रश्न झाकला नाही. ग्रंथाच्या प्रारंभीच त्याला स्थान दिले. १६१६ साली छापलेल्या त्या ग्रंथाच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या म्हणजे एका बोचऱ्या प्रश्नाला दिलेले सावकाश उत्तर होय.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशासाठी अंतःकरणाच्या कानाने ऐकणे हाच विषय निवडला होता. समाजमाध्यमांवर उत्तर क्षणात धाडता येते. म्हणूनच तेथे ऐकण्याचा संयम अधिक लागतो. प्रश्न पुन्हा वाचावा, न कळल्यास विचारावे, आणि दुखावलेल्या माणसाशी सर्वांसमक्ष नव्हे, एकांतात बोलावे.

नागझिऱ्याहून परतल्यावर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. क्षमा मागितली आणि त्यांच्या आईविषयी ते सांगत होते ते शेवटपर्यंत ऐकले. मग आम्ही दोघे मिळून क्रूस शोधावयास दफनभूमीकडे निघालो.