लठ्ठपणावरील पुनर्शस्त्रक्रिया (जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात)

लठ्ठपणासाठी जठरावर किंवा आतड्यावर केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेने वजन पुरेसे उतरले नाही, उतरलेले पुन्हा चढले किंवा त्या शस्त्रक्रियेमुळेच नवा त्रास उभा राहिला, तर पुढे केली जाणारी शस्त्रक्रिया. दवाखान्यात तिला ‘रिव्हिजन’ म्हणतात. तीत एका पद्धतीचे दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करतात, आहे ती रचना दुरुस्त करतात किंवा शक्य असेल तेथे मूळ रचना परत आणतात. अतिस्थूल रुग्णात आधी स्लीव्ह आणि नंतर बायपास असे दोन टप्पे सुरुवातीलाच ठरवलेले असतात; तो दुसरा टप्पा पुनर्शस्त्रक्रियेत धरत नाहीत.

जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करणे म्हणजे स्लीव्ह. भारतात हीच सर्वाधिक केली जाते. बायपासमध्ये जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. या पद्धतीची सुरुवात 1966 मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी केली. आतड्याला एकच जोड देणारा मिनी बायपास रॉबर्ट रटलेज यांनी 1997 मध्ये सुरू केला. जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. पण पट्टा सरकला किंवा जठरात रुतला म्हणून तो काढावा लागलेले जुने रुग्ण अजूनही येतात.

पहिली शस्त्रक्रिया फसली असे केव्हा म्हणावे, यावर दीर्घकाळ एकमत नव्हते. जादा वजनाच्या निम्मेही उतरले नाही तर अपयश, असा ढोबळ हिशेब असे. लठ्ठपणाच्या शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2024 मध्ये निकष मांडले. एकूण वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी घट झाली किंवा मधुमेहासारखा सोबतचा आजार पुरेसा सुधारला नाही, तर सुरुवातीचा प्रतिसाद अपुरा. उतरलेल्या वजनापैकी 30 टक्क्यांहून अधिक परत चढले, तर नंतरची घसरण. म्हणजे 120 किलोचा माणूस 80 वर आला आणि पुढे 92 च्या वर गेला, तर त्याची नव्याने तपासणी व्हायला हवी. दोन-चार किलो वाढले म्हणून कोणी दुसऱ्यांदा पोट उघडू नये.

वजन परत चढले की घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही रुग्णाच्या जिभेला दोष देतात. हे अन्यायाचे आहे. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च कमी करून ते परत मिळवू पाहते. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे तो यामुळेच. शिवाय स्लीव्ह करताना जठराचा वरचा फुगीर भाग जास्त राहून जातो, नळी कालांतराने ताणते, बायपासचा कप्पा किंवा त्याची जोड रुंदावते. थायरॉइडचा विकार, स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधे, इन्सुलिन यांनीही वजन वाढते. खाण्याचा वाटा अर्थातच असतो. लहान झालेल्या जठरात भाकरी फार जात नाही. गोड चहा, सरबत, बिस्किटे, फरसाण मात्र सहज जातात आणि दिवसभर थोडेथोडे जात राहतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे स्लीव्हनंतरची छातीतली जळजळ. फिनलंडमधील स्लीव्हपास चाचणीत दहा वर्षांनंतर अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्या 31 टक्के रुग्णांत, तर बायपास झालेल्या 7 टक्के रुग्णांत आढळला. म्हणून जळजळ असेल तर स्लीव्हचे नेहमीच्या बायपासमध्ये रूपांतर करणे हा बऱ्यापैकी भरवशाचा उपाय ठरतो. निव्वळ वजनासाठी केलेल्या रूपांतराचा लाभ त्यामानाने कमी आणि रुग्णागणिक वेगळा असतो. मिनी बायपासनंतर पित्त वर येत असेल तर त्याचेही नेहमीच्या बायपासमध्ये रूपांतर करतात. कुपोषण झाले असेल तर उलट आतड्याची कामाची लांबी वाढवावी लागते. जुन्या चिकटलेल्या उतींतून वाट काढावी लागत असल्याने गळती आणि रक्तस्राव यांचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. म्हणून निर्णयाआधी एंडोस्कोपी, बेरियमचा एक्स-रे, रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचे मत आवश्यक ठरते. पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद तर हवीच. जठर किती कापले आणि आतडे किती सेंटिमीटरवर जोडले हे बहुधा तिच्यातच मिळते, म्हणून तो कागद रुग्णाने रेशनकार्डाइतका जपावा.

जुन्नर आणि आंबेगाव ज्यात येतात त्या पुणे जिल्ह्याने या विषयाला एक मूलभूत गोष्ट दिली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. बाळे वजनाने कमी, पण अंगात चरबीचे प्रमाण मात्र तुलनेने टिकून, असे चित्र दिसले. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. 2009 च्या भारतीय निकषांत शस्त्रक्रियेची मर्यादा तेव्हाच्या पाश्चात्त्य मर्यादेपेक्षा खाली, म्हणजे बीएमआय 37.5, आणि सोबत आजार असल्यास 32.5 धरली होती, त्यामागे हीच शरीरप्रकृती होती. पुण्याच्याच 2006 च्या अभ्यासात ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय मिळून 67 टक्के पुरुषांत बी-12 कमी आढळले. अशा लोकसंख्येत अन्नशोषण घटवणारी दुसरी शस्त्रक्रिया करायची, तर बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांची जन्मभर काळजी घ्यावी लागते.

जुन्नर आणि आंबेगावच्या रुग्णांची खरी अडचण येथे सुरू होते. शस्त्रक्रियेसाठी जवळचे मोठे शहर पुणे. नाशिक महामार्गाने मंचर तेथून सुमारे 60 किलोमीटर, नारायणगाव 75. भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांना तर मंचरच लांब पडते. द्राक्षाची छाटणी, टोमॅटोचा तोडा, कांद्याची काढणी आली की तपासणीची तारीख चुकते, आणि वर्षभर चुकली की वजन का चढले हे शोधणे अवघड होते. वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहण्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालये यांत ते होऊ शकते आणि आकडे फोनवरून शल्यविशारदाला कळवता येतात.

अडीअडचणीला रुग्ण प्रथम गावातल्या डॉक्टरकडेच जातो, म्हणून या डॉक्टरांना काही गोष्टी ठाऊक हव्यात. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात अधूनमधून कळ येत असेल तर ती ‘गॅस’ समजून सोडू नये. आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते आणि तेव्हा सीटी स्कॅनसह तातडीने शल्यविशारद लागतो. आठवडाभर उलट्या होणाऱ्या रुग्णाला सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे बायपासच्या जोडीवर व्रण करतात. विडी-सिगारेटही तेच करते. मिश्री आणि तंबाखूची सवय बायका डॉक्टरांपासून लपवतात. ती आपणहून, हळुवारपणे विचारावी.

2025 मध्ये टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनासाठीची इंजेक्शने भारतात बाजारात आली. परत चढलेल्या वजनावर, रचनेत दोष नसेल तर, दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी ती वापरून पाहणे आता रास्त मानले जाते. बंद केल्यावर वजन पुन्हा वाढते आणि शेतकरी कुटुंबाला महिन्याचा खर्च जड जातो, हे मात्र सुरुवातीलाच सांगायला हवे.

तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोषणाचा भरवसा नसल्याने तांबी अधिक खात्रीची. गरोदरपणात प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोज पाजून मधुमेहाची चाचणी करतात. बायपास झालेल्या स्त्रीला त्याने घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. तिच्यासाठी त्याऐवजी आठवडाभर ग्लुकोमीटरने जेवणाआधीची व नंतरची साखर पाहावी, आणि तिच्या माता-बाल कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव व साल ठळक लिहावे.