चंचीतले पाते

खिशात मिटून ठेवायच्या चाकूंमुळे इंग्लंडात शेफिल्डचे आणि उत्तर प्रदेशात रामपूरचे नाव झाले. मराठी घरांत मिटणारे पाते नांदले ते पानाच्या चंचीत. हा अडकित्ता.

रचना साधी, पण नेमकी: दोन दांडे, एक खिळा, वर धारदार पोलादी पाते, खाली सपाट बूड. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितका हाताचा जोर वाढतो. म्हणून टणक सुपारीचीही खांडे पडतात. पाते लोहार घडवी, पितळेचे दांडे ओतारी ओते. म्हणूनच एकाच वस्तूत दोन कारागिरांचे हात भेटतात. पितळ मिळाले की कारागिराची हौस उफाळून येई: मोर, पोपट, घोडा, कधी समोरासमोर बसलेले जोडपे.

या हौसेची किंमत पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी (1896–1990) ओळखली. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने 1920च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभ्या राहिलेल्या त्यांच्या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यातले अडकित्ते पाहायला लोक मुद्दाम जातात. परदेशातही अडकित्त्यांचे वेड होते. कोलंबिया विद्यापीठातले गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग यांनी भारतापासून इंडोनेशियापर्यंतचे अडकित्ते जमवले. त्यांच्या संग्रहावर 1992 साली ग्रंथ निघाला.

मग हौशी संग्राहकाने पुढचा अडकित्ता कोणता घ्यावा? नक्षीचा नव्हे, साधा लोखंडी. मोराच्या पितळेला दुकानात गिऱ्हाईक आहे, संग्रहालयात कपाट आहे. बिननक्षीचा मात्र थेट भंगारात जातो. तयार कातरलेली सुपारी आणि गुटख्याच्या पुड्या आल्यापासून घरोघरची सुपारी कातरायची सवयच मोडली; 2012 साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, तरी अडकित्ता काही परतला नाही.

घेताना आधी खिळा पाहावा. दांडे हलकेच उघडून मिटावेत, पाते बुडावर सरळ बसते का ते पाहावे. धार लावून लावून अरुंद झालेले पाते हा दोष नाही, वापराचा पुरावा आहे. सगळीकडे सारखेच चकाकणारे पितळ आणि न झिजलेली नक्षी दिसली, तर तो तुकडा शोभेसाठी नुकताच ओतलेला असू शकतो. गंज घासण्याआधी विकणाऱ्याकडून गाव, घर आणि घडवणारा लोहार विचारून घ्यावा. माहिती मिळाली तर ती त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून अडकित्त्याला बांधावी.