यादी-गुणधर्मांचे विभाजन (भौगोलिक माहिती)

यादी-गुणधर्मांचे विभाजन ही भौगोलिक माहितीच्या रूपांतरातील एक प्रक्रिया होय. नकाशातील एखाद्या घटकाच्या एकाच रकान्यात अनेक मूल्ये साठवलेली असतात, तेव्हा ती सुटी करून स्वतंत्र रकान्यांत किंवा स्वतंत्र ओळींत मांडणे, असे तिचे स्वरूप आहे. एका संगणकीय स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नकाशा नेताना, दोन तक्ते जोडताना किंवा क्षेत्रफळाची बेरीज करताना या प्रक्रियेची गरज भासते.

स्वरूप

डिजिटल नकाशातील प्रत्येक घटकाचे दोन भाग असतात: बिंदू, रेषा किंवा बहुभुज असा भौमितिक आकार आणि त्याचे वर्णन करणारे गुणधर्म. सामान्यतः एका गुणधर्माला एकच मूल्य असते. प्रत्यक्षातील वस्तू मात्र या नियमात बसतेच असे नाही. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ असलेल्या शिळफाट्याचे उदाहरण घेता येईल. फाटा हा नकाशावर एकच बिंदू असतो, परंतु त्याच्या ‘दिशा’ या गुणधर्मात ‘पनवेल, लोणावळा, पाली’ अशी यादी येऊ शकते. ठाणे जिल्ह्यातही शिळफाटा नावाचे ठिकाण असल्यामुळे केवळ नावावरून तक्ते जोडल्यास दोन्ही ठिकाणांच्या याद्या एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो. त्यामुळे प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळख-क्रमांक देणे आवश्यक ठरते.

यादी दोन प्रकारे साठवली जाते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये अनेक मूल्ये अर्धविरामाने जोडून एकाच मजकुरात लिहिण्याची पद्धत आहे. जिओजेसनमध्ये मात्र गुणधर्माचे मूल्य म्हणून खरीखुरी यादी ठेवता येते. जुन्या शेपफाइल स्वरूपात यादी हा प्रकारच नाही. तिच्या मजकुराच्या रकान्याला २५४ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे काना, मात्रा आणि अनुस्वार धरून सुमारे ८४ चिन्हांतच रकाना भरतो. लांब यादीची शेवटची नावे अशा वेळी तुटून जातात.

पद्धती

विभाजनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

१. आडवे विभाजन: प्रत्येक मूल्यासाठी नवा रकाना तयार होतो, घटकांची संख्या बदलत नाही. जीडीएएल या मुक्त संग्रहातील ओजीआर-टू-ओजीआर या साधनात ‘स्प्लिटलिस्टफील्ड्स’ हा पर्याय हे काम करतो. ‘मॅक्ससबफील्ड्स’ या पर्यायाने उपरकान्यांची कमाल संख्या ठरवता येते. मात्र मर्यादेपलीकडील मूल्ये नव्या फाइलमध्ये येत नाहीत.

२. उभे विभाजन: प्रत्येक मूल्यासाठी नवी ओळ तयार होते आणि मूळ आकाराची प्रत त्या प्रत्येक ओळीसोबत जाते. एफएमई या प्रणालीत ‘ॲट्रिब्यूट स्प्लिटर’ मजकुराची यादी बनवतो आणि ‘लिस्ट एक्सप्लोडर’ त्या यादीचे सुटे घटक करतो. तेथे यादीतील क्रम शून्यापासून मोजला जातो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘अननेस्ट’ या फलनाने हेच साधते.

भूमी अभिलेखांतील उपयोग

महाराष्ट्रातील सातबारा उतारा हा गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा संयुक्त उतारा आहे. त्यात एका भूमापन क्रमांकापुढे अनेक खातेदार असू शकतात. उलट, आठ-अ उताऱ्यात एका खात्यापुढे त्या गावातील अनेक क्रमांक असतात. नकाशातील गटाला खातेदारांची माहिती जोडताना हा दुहेरी संबंध यादीच्या रूपाने समोर येतो.

समजा, १.२० हेक्टरच्या एका गटात तीन खातेदार आहेत. उभ्या विभाजनानंतर तीन ओळी होतात आणि प्रत्येक ओळीत १.२० हेक्टर हेच क्षेत्र राहते. त्यांची बेरीज ३.६० हेक्टर येते. रस्त्यासाठी किंवा अन्य प्रकल्पासाठी भूसंपादनाचा हिशेब करताना अशी चूक थेट मोबदल्याच्या आकड्यात उतरू शकते. म्हणून एकूण क्षेत्राची बेरीज विभाजनापूर्वीच्या तक्त्यावरच करावी लागते.

नावे आणि हिस्से अशा दोन समांतर याद्या असल्यास त्यांचा क्रम जपणे अनिवार्य असते. वरील तीन खातेदारांचे हिस्से ०.४०, ०.५० आणि ०.३० हेक्टर असून दुसऱ्याचा आकडा नोंदवायचा राहून गेला आहे, असे मानू. रिकामी जागा वगळून विभाजन केल्यास तिसऱ्याचे ०.३० हेक्टर दुसऱ्याच्या नावावर जाते आणि तिसरा खातेदार क्षेत्राविना राहतो.

विभाजक चिन्हाची निवडही जपून करावी लागते. ‘२७/१’ यातील तिरकी रेघ हिस्सा क्रमांकाचा भाग आहे. तेथे तोडल्यास एका हिश्शाचे दोन निरर्थक आकडे होतात. ‘२७ ते ३१’ ही नोंद पाच क्रमांकांची असूनही संगणकाला एकच मूल्य वाटते. ‘व इतर’ या शब्दांमागील नावे तर कोणत्याही विभाजनाने परत मिळत नाहीत.

मर्यादा

विभाजनाने मूल्ये सुटी होतात, नवी भौगोलिक माहिती निर्माण होत नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत एका महसुली गावात अनेक वाड्या असतात. गावाच्या बहुभुजापुढे वाड्यांची यादी असेल, तर विभाजनानंतर प्रत्येक वाडीला संपूर्ण गावाचाच आकार मिळतो. वाडी नेमकी कोठे आहे हे त्यातून कळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना डोंगरातील पायवाटेने चालत वर जावे लागले. अशा वस्त्यांपर्यंत पोहोचण्यासाठी किंवा दरडप्रवण उतारांशी त्यांची तुलना करण्यासाठी वाडीचे नाव यादीत असणे पुरेसे नसते. तिचा बिंदू प्रत्यक्ष स्थळी किंवा उपग्रह प्रतिमेवरून स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.

पडताळणी

विभाजनापूर्वी आणि विभाजनानंतर मूल्यांची एकूण संख्या मोजणे, मूळ ओळख-क्रमांक प्रत्येक ओळीत कायम ठेवणे, यादीतील क्रम वेगळ्या रकान्यात नोंदवणे आणि मूल्यांच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढणे ही काळजी सर्व पद्धतींत समान आहे. ओळख-क्रमांक आणि क्रम सुरक्षित असल्यास सुट्या ओळी पुन्हा एकत्र करून मूळ यादी तयार करता येते. ती मूळ यादीशी तंतोतंत जुळणे ही विभाजन अचूक झाल्याची खूण मानली जाते.