तळ्यांकांठचीं झुडपें आणि पांखरांची वीण

नांदेड जिल्ह्यांतील कंधार येथें जगत्तुंग समुद्र नांवाचा राष्ट्रकूटकालीन तलाव आहे. तळीं बांधणाऱ्या राजांची कीर्ति इतिहासानें जपली. परंतु कांठच्या बाभळींनीं पांखरांच्या किती पिढ्या पोसल्या, याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. तो मांडण्याची वेळ आतां आली आहे. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. २०१७ पासून तळ्यांतील गाळ उपसण्याची सरकारी योजना सुरू झाली. गाळ निघणें इष्टच आहे. पण त्याबरोबर कांठची झाडीही सरसकट खरवडावी काय, हा आमचा प्रश्न आहे.

इंदापूर तालुक्यांतील भादलवाडीच्या तलावांत चित्रबलाक पाण्यांत उभ्या असलेल्या बाभळींवर घरटीं करतात. भोंवतालच्या पाण्यामुळें मांजर-मुंगसास तेथें सहज पोंचतां येत नाहीं. सुगरण पक्ष्याचा खोपा पाण्यावर झुकलेल्या कांटेरी फांदीस लोंबतो, पाणकोंबडी दाट जाळींत अंडीं घालते. याउलट टिटवीस उघडीच जमीन लागते. म्हणजे झाडीही हवी आणि मोकळीकही हवी.

हा समतोल ढळला म्हणजे काय होतें, हें राजस्थानांतील भरतपुरानें दाखविलें. १९८२ सालीं तेथील पाणथळींत म्हशी चारण्यास बंदी झाली. दंगा उसळून पोलिसांच्या गोळीबारांत माणसें दगावलीं. पुढें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासांत दिसून आलें कीं, चरणारीं जनावरें गेल्यानें गवत माजलें, उथळ पाणी गुदमरलें आणि पाणपक्ष्यांचेंच नुकसान झालें. त्यानंतर परदेशी वेडी बाभूळ पसरली, ती उपटण्यास अखेर आसपासच्या गांवकऱ्यांचीच मदत घ्यावी लागली. ज्यांस शत्रु मानून दूर सारलें, त्यांचेच हात कामीं आले!

मराठवाड्यांतही वेडी बाभूळ आणि बेशरम हीं दोन्ही अमेरिकेकडचीं झुडपें तळ्यांकांठीं माजलीं आहेत. तीं काढावींत, परंतु घरटीं पाहून, वीण आटोपल्यावर, पुढील पावसाळ्यापूर्वीं, आणि यंदा एक कांठ तर पुढल्या सालीं दुसरा, अशा क्रमानें. पाण्यांतील देशी बाभळीस मात्र कुऱ्हाड लावूं नये. हें ठरवितांना गांवचे गुराखी व मच्छीमार यांस विचारावें. कोणत्या जाळींत कोणतें पांखरूं बसतें, हें त्यांस नित्य दिसत असतें. राजांनीं तळीं बांधलीं. तीं नांदतीं ठेवणें हें आपणां सर्वांचें काम आहे, असें आम्हांस वाटतें.