नर्मदेच्या खटल्याचा खर्च

सुरतच्या भेस्तानमधले आम्ही खानदेशी तापीचे पाणी पितो, पण माझा जीव नर्मदेच्या भांडणात अडकलेला. माझे आजोळ अक्राणी तालुक्यातल्या धडगावकडचे.

1969मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा पाणी तंटा लवाद बसला. अंतिम निवाडा 1979चा. 28 दशलक्ष एकर-फूट पाण्यातले मध्य प्रदेशाला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला जेमतेम पाव. आपापल्या बाजूचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा, पण लवादाचा खर्च चौघांनी सारखा वाटून घ्यायचा! महाराष्ट्राला विजेत 27 टक्के वाटा मिळाला, हे खरे. तरीही हा खर्च लाभाच्या प्रमाणातच वाटायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

त्याहून सलते ते वेगळेच. पुनर्वसनाचा खर्च निवाड्याने गुजरातवर टाकला, पण सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या अक्कलकुवा-अक्राणीतल्या 33 गावांना लवादापुढे पक्षकार म्हणून जागाच नव्हती. कायद्याने तंटा राज्यांचा. विस्थापितांची बाजू घेऊन नर्मदा बचाओ आंदोलन 1994मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला 18 ऑक्टोबर 2000 रोजी, आणि बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी मिळाली.